अल्लीपूरच्या धुऱ्यावरची मोहरी

वर्धा जिल्ह्यात जायचं असेल तर जानेवारीत जावं. उन्हाळ्यात जाऊन आलेली माणसं तिथल्या उन्हाखेरीज दुसरं काही सांगू शकत नाहीत. जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो, दुपारी तो कमरेला गुंडाळावा लागतो. हरभरा घाट्यांवर असतो, तूर कापायला आलेली असते. पायात बंद बूट घालावेत. काळ्या जमिनीच्या भेगेत पाऊल घोट्यापर्यंत जातं आणि कुसळं पायमोज्यात एकदा शिरली की पायमोजे टाकूनच द्यावे लागतात.

एवढी माहिती वाचणाऱ्याच्या कामाची. पुढचं मी लिहिते आहे ते अल्लीपूरच्या एका बाईंना तसा शब्द दिला आहे म्हणून.

मी साताऱ्याला वनस्पतिशास्त्र शिकवते. वनस्पतींची वर्गवारी हा माझा विषय. कोणतं रोप कोणत्या कुळातलं, त्याला आधी कोणी काय नाव दिलं आणि आता कोणतं धरायचं, हे ठरवण्यात माझा जन्म गेला. एकोणतीस वर्षांपूर्वी मी नागपूरला शिकत होते. तेव्हा वर्गाच्या सहलीत आम्ही जीपने वर्धा जिल्ह्यात हिंडून रोपं गोळा केली. त्यातलं एक रोप मी रानमोहरी म्हणून ओळखलं. वाळवून, दाबून, जाड कागदावर शिवून ते नागपूरच्या संग्रहात ठेवलं गेलं. कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर माझ्या तेव्हाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: सायनॅपिस अर्व्हेन्सिस. स्थानिक नाव रानमोहरी. रानटी, शेताच्या बांधावर. अल्लीपूर.

ही रानमोहरी म्हणजे आपल्या फोडणीतल्या मोहरीची लांबची बहीण. उत्तरेकडच्या गव्हात तण म्हणून उगवते. शास्त्रज्ञांनी तिला बरंच फिरवलं. आधी सायनॅपिस या प्रजातीत ठेवली, मग कोणी ब्रासिकात नेली, मग परत आणली, आणि आता काही जण तिला रॅम्फोस्पर्मम म्हणायला लागले आहेत. विदर्भातून तिची नोंद एकच, आणि ती माझी. जिल्ह्याच्या वनस्पतींच्या यादीत ती गेली, यादीतून पुस्तकात गेली. गेल्या दिवाळीनंतर बंगळूरहून एका संशोधक मुलीचं पत्र आलं. ती मोहरीच्या कुळाचा नव्याने अभ्यास करते आहे. त्याच जागचं ताजं रोप आणि बी मिळेल का, असं तिनं विचारलं होतं. दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं, पण मी स्वतः निघाले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं.

अल्लीपूर, पहिला दिवस

वर्ध्याहून बसने गेले. दोन्ही बाजूंना कपाशीची शेवटची वेचणी चालली होती, पऱ्हाट्या वाळून करड्या झाल्या होत्या. शेजारी देवळीच्या एक बाई होत्या. मी कोणाकडे चालले, काम काय, यजमान बरोबर का नाहीत, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत काढून घेतलं. आमच्याकडे असं विचारायला एसटीनं कराड ओलांडावं लागतं. मोहरीचं रोप बघायला साताऱ्याहून आले म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तिकडं किराना नाई का भेटत?"

अल्लीपूरला शाळेतल्या मेश्राम मॅडमकडे उतरायचं ठरलं होतं. चाळिशीच्या, उंच, चालण्याबोलण्यात घाई असलेल्या. विज्ञान शिकवतात. घर नीटनेटकं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची फळी. हातपाय धुऊन होतात तोच त्यांनी तर्री, म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत रस्सा, घातलेले पोहे समोर ठेवले आणि फळीवरून एक जाडजूड वही काढली. गावातल्या झाडाझुडपांची, जनावरांची नोंदवही. ग्रामपंचायतीसाठी त्यांनीच मुलांकडून लिहून घेतलेली.

"हे पाहा मॅडम," म्हणून त्यांनी पान उघडलं. क्रमांक, नाव, शास्त्रीय नाव. रानमोहरी. आधार म्हणून पुस्तकाचं नाव, आणि कंसात माझं. "आपल्या गावचं नाव पुस्तकात आहे म्हणून मी हे पान आधी दाखवते सगळ्यांना."

"तुम्ही पाहिलंय ते रोप?" मी विचारलं.

"नाही ना! दर हिवाळ्यात पोरांना धुऱ्याधुऱ्यानं पाठवते. रिकाम्या हातानं परत येतात. मी ओरडते, म्हटलं मॅडमला एका दिवसात सापडलं आणि तुम्हाला गावात राहून सापडत नाही? नीट पाहत नाही तुम्ही."

मी पोहे खाल्ले. तर्री फार तिखट होती, म्हणून डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. तोपर्यंत ते तर्रीचंच होतं.

माझ्या जुन्या वहीत जागेची खूण होती: गावाच्या पूर्वेला, नाल्याजवळ, दोन आंब्यांमधला बांध. बांधाला तिकडे धुरा म्हणतात. मेश्राम मॅडमनी लगेच ओळखला. "तो तर कौसल्याबाईंचा आणि मोहरीवाल्या आजीचा धुरा."

"मोहरीवाली?"

"पंचफुलाबाई. सगळे मोहरीवालीच म्हणतात. आधी मोहरी विकत असतील."

हे ऐकून मला आनंद झाला होता. मोहरी विकणाऱ्या बाईचा धुरा म्हणजे मी योग्य जागी चालले आहे, असं वाटलं.

दोन आंब्यांतला एकच उरला होता. आम्ही धुरा या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पाहिला. गाजरगवत, टाकळ्याची वाळलेली खोडं, कुसळं, एका ठिकाणी कोणीतरी लावलेला वाल. मी भेगेत पाय घालून पडले. नमुने दाबायची लाकडी चौकट अंगाखाली आली आणि तिचा पट्टा तुटला. पलीकडे तुरीच्या पेंढ्या बांधणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी हाक मारली, "काय हरवलं वो मॅडम? बैल शोधून राह्यल्या का?"

त्या कौसल्याबाई. सत्तरी ओलांडलेल्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. दुपार झालीच होती, त्यांनी आम्हाला आंब्याखाली बसवून घेतलं. फडक्यात ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, जवसाची चटणी. आमच्याकडे भरतात शेंगदाण्याचं कूट घालतात. इथे कांद्याची पात आणि कच्चं तेल, आणि वांगं तुरीच्या काड्यांवर भाजलेलं. मला दोन्ही सारखीच आवडतात असं आधी म्हणत असे, आता म्हणणार नाही.

पहिल्या भाकरीनंतर मी कामाचं विचारलं. या धुऱ्यावर थंडीत पिवळ्या फुलांची मोहरी आपोआप उगवते का?

"आपोआप?" त्या हसल्या. "मोहरी आपोआप कुठी येते? तुमच्या तिकडं येत असन बापा. इथी तं पेरा लागते. मी पेरली होती एक साल, याच धुऱ्यावर."

"रानमोहरी म्हणतात ना तिला इकडे?"

"हे नाव तं मी आजच ऐकलं. मोहरीले मोहरीच म्हनतो आमी."

हे सांगायला हवं: ते नाव मीच केलं होतं. चिठ्ठीवर स्थानिक नावासाठी जागा असते. ती रिकामी राहिली तर सर रागवत. शेतात विचारायला कोणी नव्हतं. मी इंग्रजी नावाचं मराठी केलं आणि लिहून टाकलं.

कौसल्याबाई सांगतच होत्या. "माह्या मायनं सेलूहून बी देल्लं होतं, मूठभर. बारीक, कायी मोहरी. लोनच्यात घातली का नाकातून पानी काढे. आमचे हे कपाशीत जागा देत नाई, म्हनून धुऱ्यावर टाकली. दहा-बारा झाडं झाली. म्हटलं औंदा बी होईन, पुढच्या साली वाफाभर टाकू. शेंगा भरत आल्या, अन् एक दिवस येऊन पाह्यलं तं मोठी झाडं सारी गायब. राह्यली ते दोन कुबडी, ते बकऱ्यांनं खाल्ली."

"कोणी नेली?" हे मेश्राम मॅडमनी विचारलं. मी नाही.

कौसल्याबाईंनी हनुवटीनं पलीकडचं शेत दाखवलं. "पंचफुलीनं. दुसरं कोन? धुरा दोघीचा. दोनच दिवस आंधी भांडली होती, माह्या हिश्शात काऊन पेरली म्हनून. अन् पोट भराले कोनी नेली असती तं शेंगा तोडल्या असत्या, पाला खुडला असता. थे तं मुयासकट नेली वो, माती उकरून. मुयासकट कोन नेते? दावा साधाले नेते मानूस."

मुळासकट आम्ही नेतो. मूळ, खोड, पान, फूल आणि शेंग, सगळं एका कागदावर आलं पाहिजे. मूळ नसलेला नमुना अर्धा धरतात. आणि एकच रोप नेत नाहीत, जोडनमुने नेतात, दुसऱ्या संग्रहांना पाठवायला. माझ्या मांडीवर ती जुनी वही उघडी होती. तारखेखाली लिहिलं होतं: आठ रोपे, मुळांसह, फुले व शेंगा, उत्तम.

"तवापासून बोलचाल बंद," कौसल्याबाई म्हणाल्या. "तिच्या पोरीच्या लग्नालेही मी नाई गेली. साऱ्या गावाले सांगतलं. मोहरीवाली नाव मीच पाडलं तिचं." त्यांनी माझ्या भाकरीकडे पाहिलं. "घ्या ना वो भरीत. लाजू नका."

मी घेतलं. वही मिटली आणि भरीत घेतलं, आणि तेव्हा काही बोलले नाही. मी पटकन निर्णय घेणारी बाई आहे असा माझा लौकिक आहे.

संध्याकाळी मेश्राम मॅडमच्या अंगणात बसून मी फोनमधला त्या नमुन्याचा फोटो मोठा करून पाहिला. रानमोहरी आणि खरी मोहरी ओळखायची एक साधी खूण असते. शेंगेच्या टरफलावर उभ्या शिरा बघायच्या. रानमोहरीला तीन किंवा जास्त ठळक शिरा, घरच्या मोहरीला एकच. तेव्हाच्या टिपणात मी "तीन शिरा" असं लिहिलेलं आहे. फोटोत शेंगांवर एक शीर होती. दुसऱ्या शेंगेवर एक. वरच्या पानांना देठ होता, रानमोहरीच्या वरच्या पानांना तो नसतो. ब्रासिका जुन्सिया, आपल्या डब्यातली मोहरी. शेंगा कोवळ्या होत्या आणि मला यादीत नवं नाव हवं होतं, म्हणून मला तीन दिसल्या.

मेश्राम मॅडम तुरीचे सोले काढत शेजारी बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सुपातले दाणे एकीकडे सारले.

"म्हणजे पोरं बरोबर होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"सहा वर्षं ओरडून राह्यले मी त्यांच्यावर." मग त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. जेवायला सोल्यांची आमटी होती. ती कशी होती हे मला आठवत नाही, आणि चांगल्या स्वयंपाकावर हा अन्यायच आहे.

अल्लीपूर, दुसरा दिवस

सकाळी आठला मी मेश्राम मॅडमना घेऊन कौसल्याबाईंच्या दारात होते. अंगणात त्या तूर पाखडत होत्या. बसायला सांगायच्या आत मी म्हटलं, "मावशी, तुमची मोहरी पंचफुलाबाईंनी नेली नव्हती. मी नेली होती."

त्यांना कळेना. मी फोन पुढे केला. त्यांनी पदरानं काच पुसली आणि डोळ्यांजवळ धरून पाहिली.

"हे का?"

"हेच. आठ नेली होती. शेतात कोणी नव्हतं. मला वाटलं आपोआप उगवली आहे."

"पाह्यलं नाई का तुमी? ओळीत होती."

ओळीत होती. हे मला आठवत नव्हतं आणि आजही आठवत नाही. पण त्या म्हणाल्यावर मला ते खरं वाटलं.

त्या फोटो बघत राहिल्या. बोट लागून तो मोठा झाला आणि पडद्यावर नुसत्या शेंगाच आल्या. त्यांचा आवाज बदलला. "बी असन वो यात."

"आहे."

"मंग द्या ना. लय नाई, चिमूटभर. नाई उगवलं तं नाई. मायचं बी हाय थे."

मला इथे खोटं बोलता आलं असतं. पाठवते म्हणून सांगायचं आणि साताऱ्याच्या बाजारातली मोहरी पाकिटात घालून पाठवायची, असं माझ्या मनात येऊन गेलं. लिहायचंच आहे तर हेही लिहिते.

"ते उगवणार नाही, मावशी. नमुन्याला कीड लागू नये म्हणून आम्ही तो पाऱ्याच्या विषारी पाण्यात बुडवून काढतो. ते बी हातात घेण्यासारखंही नाही."

"तुमी माही मोहरी नेली," त्या सावकाश म्हणाल्या, "अन् तिले जहर पाजलं."

"हो."

"काऊन पन?"

"टिकावी म्हणून."

त्यांनी फोन परत दिला. "टिकली मंग," म्हणाल्या आणि सूप उचललं. चार-पाच वेळा पाखडून झाल्यावर मान वर न करता म्हणाल्या, "मले काय सांगता आता? तिले सांगा. चोट्टी तिले म्हटलं मी."

"तुम्ही येता का बरोबर?"

"मी कोन्त्या तोंडानं येऊ?"

मी माझ्यापुरतं ओझं घेऊन आले होते. त्यातलं अर्धं आता या बाईंच्या डोक्यावर गेलं होतं, आणि मुळात चूक माझी होती.

पंचफुलाबाईंचं घर दोन घरं सोडून. इतकं जवळ. त्या ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. बारीक, ताठ, डोळे तीक्ष्ण. मेश्राम मॅडमनी माझी ओळख करून दिली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

पंचफुलाबाईंनी कानामागे हात धरला. "काय म्हनून राह्यल्या ह्या? आवाजानं बोला, मले ऐकू येत नाई."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. शेजारच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं.

"मोहरीचं काय?"

"मोहरी मी नेली होती!" मी ओरडले. "कौसल्याबाईंची मोहरी! तुम्ही नेली नव्हती! मी नेली होती!"

समोरच्या दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. रस्त्यानं सायकल घेऊन जाणारे एक गृहस्थ थांबले. पंचफुलाबाई त्यांच्याकडे बघून मला म्हणाल्या, "अजून एक डाव सांगा. ह्या भाऊले समजलं नाई."

बावन्न वर्षांची, पंचवीस वर्षं वर्गात बोललेली बाई मी. माझा आवाज फुटला. पण सांगितलं.

मग त्यांनी गव्हाचं ताट बाजूला ठेवलं. "एकोनतीस साल मी चोट्टी, अन् तुमी मॅडम," त्या साध्या आवाजात म्हणाल्या. "माह्या पोरीले सासरी विचारलं होतं, मोहरीवालीची पोरगी का म्हनून. बसा. चा घेनार?"

चहा झाला. साखर भरपूर, आलं भरपूर. त्यांनी विचारलं, त्या वाळल्या झाडाच्या कागदावर नाव कोणाचं आहे. माझं, म्हटलं.

"तं त्याच कागदावर लिवा, का पंचफुलानं नाई नेली."

"लिहिते."

"अन् त्या कागदाले कोन पाह्यते? कपाटात राहीन थो. जिथी लोकं वाचतात, तथीही लिवा."

"लिहिते," मी म्हटलं.

निघताना मी मेश्राम मॅडमना म्हटलं, आजींना फारच कमी ऐकू येतं. त्या चपला घालत होत्या. "चांगलं ऐकू येतं त्यांना," त्या म्हणाल्या. "शाळेची घंटा दोन मिनिटं उशिरा झाली तर मला येऊन सांगतात."

नागपूर

परतताना नागपूरला उतरून संग्रहात गेले. तिथला एक नियम वाचणाऱ्यांना ठाऊक नसेल. नमुन्याची ओळख चुकली तर जुनी चिठ्ठी काढत नाहीत, खोडत नाहीत, झाकतही नाहीत. तिच्याखाली नवी चिठ्ठी लावायची. तिच्यावर खरं नाव, ठरवणाऱ्याचं नाव, तारीख. शंभर वर्षांनी कोणी कागद काढला तरी आधी कोण काय चुकलं ते दिसलं पाहिजे. हा नियम मी वर्गात कौतुकानं शिकवते.

नवी चिठ्ठी लिहिली. ब्रासिका जुन्सिया. रानटी नव्हे, पेरलेली. पेरणाऱ्या: कौसल्याबाई, अल्लीपूर, बी सेलूचे. स्थानिक नाव: मोहरी. शेऱ्याच्या जागेत लिहिलं: ही रोपे मी न विचारता उपटली. पंचफुलाबाईंनी नेली नव्हती.

संग्रहाचं काम पाहणारे गृहस्थ चष्म्यातून वाचत होते. "मॅडम, शेऱ्यात असं लिहीत नाहीत."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि डिंक मागितला.

वर ते गोल अक्षर तसंच आहे. रानटी, शेताच्या बांधावर. बंगळूरच्या मुलीला कळवलं. विदर्भातली रानमोहरीची नोंद आता वगळली जाईल. मेश्राम मॅडमनी वहीतल्या त्या ओळीवर रेघ मारली, आणि वर्गात पोरांची माफी मागितली, असं त्यांनी लिहिलं आहे. ती खरं तर मी मागायला हवी होती.

चिठ्ठीचा फोटो मी मेश्राम मॅडमना पाठवला होता. तो त्यांनी पंचफुलाबाईंच्या ओसरीवर वाचून दाखवला. कौसल्याबाई तेव्हा तिथल्या अंगणाच्या कुंपणाशी येऊन उभ्या होत्या, आत आल्या नाहीत. पंचफुलाबाईंनी एकदा तिकडे पाहिलं, मग कानामागे हात धरला आणि म्हणाल्या, ऐकू आलं नाई, अजून एक डाव वाचजो, आवाजानं.